तळहाताएवढी साल

माझ्या सासूबाई हाडं बसवायच्या. चारठाण्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. कुणी बैलगाडीवरून पडलं, कुणाचा खांदा निखळला, की माणसं त्याला बाजेवर घालून आमच्या दारात आणायची. जिंतूरहून, सेलूहून, कधी पार परभणीहूनसुद्धा. दगडाबाई त्यांचं नाव. गाव त्यांना दगडामाय म्हणायचं, मी आत्याबाई म्हणायची.

मी सेलूची, जिनिंगमधल्या मुकादमाची मुलगी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात अंगणात एक गडी मांडी मोडून आलेला. त्याचं ओरडणं ऐकून मी चुलीपाशी कान झाकून बसले. बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "सुमन, उडदाचं पीठ आण. कान मंग झाक."

त्यांचे हात मोठे होते, बाईच्या मानानं फारच मोठे. डोळे मिटून त्या बोटांनी चाचपायच्या, दुखणाऱ्याला त्याच्या बैलांची नावं विचारायच्या, आणि तो दुसऱ्या बैलाचं नाव सांगेपर्यंत हाड जागेवर बसलेलं असायचं. मग लेप, वर बांबूच्या कामट्या, वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. लेप उडदाच्या पिठाचा, आणि त्यात ठेचलेली रोहणाची साल.

रोहण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला नसेल. आता कुठे फारसा उरलाच नाही. वरून काळपट, खवल्याखवल्यांची साल, आत लालभडक. लाकूडही लाल आणि असं जड, की वाळवी तोंड लावत नाही. म्हणून तर निजामाच्या काळात डोंगरावरचे रोहण तुळयांसाठी आणि खांबांसाठी तोडून नेले. मी आले तेव्हा आमच्या डोंगरावर एकच उरला होता. आसपासच्या कुठल्याही गावाच्या शिवारात दुसरा नव्हता, म्हणून लोक आमच्या डोंगरावर यायचे.

साल आणायची ती दुखणेकऱ्याच्या घरच्यानंच. हाड बसवणारीनं झाडाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी दिवस मावळताना वर जायचं, झाडाला हळदकुंकू लावून चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि आवतन द्यायचं, की उद्या येतो, आमच्या माणसाचं हाड मोडलंय. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जायचं. जातायेता कुणाशी बोलायचं नाही. झाडावर तळहात टेकवायचा आणि तेवढीच साल काढायची. पुढं जन्मभर कुणाला सांगायचं नाही, की आपण साल आणली. सांगितलं की गुण जातो, बसलेलं हाड पुन्हा ठणकायला लागतं. आणखी एक होतं. दुसऱ्यानं जिथून काढली असेल तिथं हात लावायचा नाही. त्याच्या घरचं दुखणं आपल्या घरी येतं.

मला हे सगळं फार आवडायचं. सेलूला दवाखान्यात बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि इथं झाडाला आधी विचारायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. फाल्गुन लागला होता. एके दुपारी पंडित आमच्या अंगणात आला. बौद्धवाड्यातल्या सगुणाबाईंचा मुलगा, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला होता. लहानपणी त्याचा हात मोडला तेव्हा आत्याबाईंनीच बसवलेला, म्हणून गावी आला की त्यांना भेटल्याशिवाय जायचा नाही. त्या दिवशी त्याच्या पायजम्याला कुसळं लागलेली होती आणि तोंड उतरलेलं होतं.

"माय, रोहणाकडं शेवटचं कधी गेला होता तुमी?"

"माझे गुडघे बघ अन् मंग इचार."

"चला आज. मी धरतो."

"का रं? झाडाचं लगीन हाय काय?"

"झाड मरायलंय, माय."

आत्याबाई हसायच्या थांबल्या. पंडित त्याच्या सरांसाठी गावठी झाडांचं बी गोळा करत फिरत होता. रोहणाची बोंडं बघायला वर गेला आणि बोंडांऐवजी त्याला खोड दिसलं होतं.

आम्ही दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून वर नेलं. वाटेत त्या चार ठिकाणी बसल्या, पण "राहू द्या" म्हणाल्या नाहीत.

झाड लांबून हिरवं होतं. जवळ गेल्यावर मला दिसलं. कमरेपासून छातीपर्यंत खोडाला सगळीकडून तळहात. जुने काळे पडलेले, मधले तपकिरी, काही अजून लाल. बायकांचे लहान, गड्यांचे रुंद. प्रत्येकानं नियम पाळला होता. तळहाताहून जास्त कुणी घेतली नव्हती आणि दुसऱ्याच्या जखमेला कुणी हात लावला नव्हता. म्हणूनच एकाच्या कडेला दुसरा, दुसऱ्याच्या कडेला तिसरा, असा साल नसलेला पट्टा झाडाला वेढत गेला होता. कुणी कुणाला सांगायचं नाही, त्यामुळं प्रत्येकाला वाटत होतं, आपण तर एवढीशीच घेतली.

"पानं वर सैपाक करतात," पंडित सांगत होता, "तो सालीतून खाली मुळाला येतो. सगळीकडून साल गेली की मुळं उपाशी. येवढी एकच वाट ऱ्हायलीय."

उगवतीच्या बाजूला सालीची एक उभी पट्टी उरली होती. आत्याबाईंनी तिच्यावर आपला तळहात ठेवला. पट्टी हाताखाली झाकून गेली.

"अजून एका माणसापुरती हाय," त्या म्हणाल्या.

मग तिथंच दगडावर बसल्या. पंडित म्हणाला, "माय, आता लोकांना सांगा, की सालीवाचून चालवा. तुमचं ऐकतील."

"चालतंच की," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुझ्या बारीला चाललंच की."

"म्हंजी?"

"तुझी माय साल आणायला गेली ती भर पावसात. अंधार, वर इजा चमकायलेल्या. घाबरून कुठल्या तरी बांधावरची निंबाची साल घेऊन आली. मी बघताच वळखलं. रोहणाची आतून लाल असती. पण तिचं थरथरणारं तोंड बघून बोलले न्हाई. तीच लावली. तुझा हात बसला."

पंडितनं आपला हात कोपरात वाकवून, सरळ करून पाहिला. त्याला आधी हसू आलं. मग त्यानं जे विचारलं ते माझ्याही मनात आलं होतं.

"मंग इतकी वर्षं लोकांना वर का धाडलंत?"

"हाड बसवताना घरचे रडतात, हात वढतात, धरू देत न्हाईत. त्यांना काम पायजे कायतरी. आवतन द्यायला गेले की घर शांत होतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् साल आणून हाड बसलं, की दगडामायचा गुण म्हणायचे. गोड वाटायचं रे मला ते."

उतरताना त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता.

चार दिवस गेले नाहीत तोच किशनराव आले. आले म्हणजे आणले. बांध ओलांडताना पाय घसरून नडगी मोडलेली. म्हाताऱ्याचा मुलगा भुजंग आणि वाडीवस्तीवरची दहाबारा माणसं अंगणात. आत्याबाईंनी हाड बसवलं, नुसत्या उडदाच्या पिठाचा लेप दिला, कामट्या बांधल्या. मग उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "ऐका. सालीची गरज न्हाई. कधीच नव्हती." आणि सगुणाबाईंच्या निंबाची सगळी हकीकत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली.

मला वाटलं, लोक चिडतील, यांचं नाव टाकतील. डोंगरावरून आल्यापासून त्या रात्र रात्र तळमळत होत्या ते त्याच भीतीनं. पण झालं भलतंच. लोक हसले.

किशनराव बाजेवरून कण्हत म्हणाले, "दगडे, तुझ्या सासूनं माझ्या बापाला रोहण लावला अन् माझ्या बारीला निंबाची गोष्ट सांगायलीस व्हय?"

"माय झाडासाठी खोटं बोलायल्यात," मागून कुणीतरी म्हणालं. "तो पंडित आला होता न्हवं परवा. त्यानंच डोक्यात भरवलंय."

"खोटं न्हाई बोलत रं," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं होतं आणि लोक ते त्यांच्या चांगुलपणाच्या खात्यावर टाकत होते. "भुजंगा, तू वर जायचं न्हाई. माझ्या पायावर हात ठेव."

भुजंगानं वाकून पायावर हात ठेवला. "तुमच्या पायाची आन, माय."

दोन-तीन दिवसांनी मी उजाडता उजाडता अंगणात सडा टाकत होते. भुजंग डोंगराच्या वाटेनं घोंगडी पांघरून येताना दिसला. मी म्हटलं, "भुजंगभाऊजी, इतक्या सकाळी?" तो मान खाली घालून चालत राहिला. मी पुन्हा हाक मारली.

ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "त्याला हाक मारू नको, सुमन. त्याला आज बोलता येत न्हाई."

मी बादली तशीच ठेवून डोंगरावर पळाले. उगवतीच्या बाजूला लाल ओला तळहात होता, गड्याचा, रुंद. पट्टीच्या दोन्ही कडांना कडेकडेनं थोडी खवलं उरली होती, तेवढंच. खाली येऊन मी सांगितलं. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, काठी घेऊन भुजंगाकडं निघाले, तर आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"त्यानं बापासाठी केलं. साल लागती हे त्याच्या घराला सांगितलं कुणी? मीच ना? तीन पिढ्या सांगितलं. एका दिवसात कसं पुसल?"

एसटीच्या कंडक्टरकडं निरोप दिला. पंडित दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आला. सरांना विचारून आला होता. एक उपाय होता, लागेल की नाही याची खात्री नव्हती. झाडाच्याच बोटाएवढ्या कोवळ्या फांद्या घ्यायच्या, दोन्ही टोकं तासायची, एक टोक जखमेच्या वरच्या सालीत आणि दुसरं खालच्या सालीत खुपसायचं. ओढ्यावर लाकूड टाकून पूल करतात तसं. असे पूल झाडाभोवती सगळीकडून.

सकाळी आम्ही तिघं वर गेलो. पंडितला तासायला चांगलं येत होतं, बांधायला नाही. फांदी वाकली की टोक सटकायचं. आत्याबाई दगडावर बसून पाहत होत्या. तिसऱ्यांदा सटकल्यावर उठल्या. "सरक बाजूला. तू धर, मी बांधते." जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या झाडाला बांधायला हात लावला. आपल्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, माणसाच्या पायाला गुंडाळाव्यात तशा गुंडाळल्या, कुठं कामटी लावली, कुठं गाठ मागं घेतली. वरून मी शेणमाती लिंपली. दुपार कलली तेव्हा झाडाच्या पोटाला मोठी पट्टी बांधल्यासारखं दिसत होतं.

"हलता कामा नये," पंडित म्हणाला. "महिनाभर तरी. कुणी नुसता कोयता लावला, नुसतं रेटून बघितलं, तरी जोड सुटल."

"कुणी येणार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी कामट्यांची मोळी माळ्यावर टाकली. "आजपास्नं मी हाड बसवत न्हाई. मी हात लावला की हे वर जाणार. मी हातच लावला न्हाई तर कशाला जातेत?"

त्यांचा हिशेब बरोबर होता. गावानं चेष्टा केली, दगडामायला झाडाचं भूत लागलं म्हणाले, पण डोंगराच्या वाटेनं कुणी जाईना.

आठेक दिवसांनी तानुबाई आली. तानुबाई आमच्याकडं खुरपायला यायची. नवरा नव्हता, एकच लेक, रुख्मिणी, नऊ-दहा वर्षांची. कापसाच्या पऱ्हाट्यांनी भरलेल्या गाडीवर पोरं चढून बसली होती, गाडी कलली, रुख्मिणी खाली पडली. कोपर. तानुबाईनं तिला कडेवर घेऊन पळत आणलं होतं. पोर रडतसुद्धा नव्हती, नुसती पांढरी पडली होती.

"माय, बसवा."

आत्याबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत. "जिंतूरला ने, तानू. गाडी जुंपून देते."

"जिंतूर लांब हाय. कोपराचं हाय हे, तुमीच म्हणता की कोपराला येळ लावू न्हाई."

"मी बसवणं सोडलंय."

"मी वर जाणार न्हाई. ह्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. साल नगं मला. तुमी सांगितलं ना सालीनं काही होत न्हाई? मला पटलंय ते."

"भुजंगानं माझ्या पायावर हात ठेवला होता."

"मी भुजंग हाय का?"

मी मधे पडले. "आत्याबाई, नुसतं चाचपून तरी बघा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांचा उजवा हात पदराखाली होता आणि पदर हलत होता. मला दिसलं, पदराखाली त्या आपलाच डावा कोपर चाचपत होत्या. अंगठा इथं, दोन बोटं तिथं, असं दाबत होत्या. कुठं ओढायचं, कुठं रेटायचं, सगळं त्यांच्या बोटांना कळत होतं.

"तुझं खरं असल, तानू," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुझी जाऊ जाईल, तुझा भाऊ जाईल. मी बसवलं हे कळलं की उद्या दुसरं कुणी येईल अन् त्याच्या घरचे जातील. झाडाचा जोड ओला हाय अजून. एकदा सुटला की ते झाड गेलं. दुसरं न्हाई कुठं."

तानुबाई लेकीला कडेवर घेऊन निघाली. आमच्या घरच्यांनी गाडी जुंपली. वेशीच्या बाहेर खडकाळ वाट लागते, तिथं चाक आदळलं तेव्हा रुख्मिणी ओरडली. ती ओरड आमच्या अंगणात ऐकू आली. आत्याबाई खांबाला धरून उठल्या, दोन पावलं दाराकडं गेल्या आणि परत येऊन बसल्या.

तानुबाईनं शब्द पाळला असता. हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. अंगणात येऊन गेलेल्या सगळ्या माणसांत आत्याबाईंवर खरा विश्वास ठेवणारी ती एकटीच, आणि दारातून तशीच परत गेली तीही तीच.

जिंतूरला प्लास्टर घातलं. तोवर धक्क्यांनी हाड सरकलं होतं, सूज चढली होती. प्लास्टर निघालं तेव्हा हात कोपरात वाकलेलाच राहिला. ना पूर्ण सरळ होई, ना तोंडापर्यंत जाई. रुख्मिणी डाव्या हातानं भाकर खायला लागली.

एक दिवस विहिरीवर तानुबाईची आणि आमची गाठ पडली. पाच-सहा बाया होत्या. तानुबाईनं आवाज चढवला नाही. पोहरा वर ओढत ओढत म्हणाली, "झाडाचं हाड बसवलंत, दगडामाय. माझ्या लेकीचं तेवढं ऱ्हायलं."

आत्याबाईंनी घागर तिथंच ठेवली. तशाच घरी आल्या. संध्याकाळी तेलाची वाटी गरम करायला सांगितली आणि मला म्हणाल्या, "चल."

तानुबाईनं दार लावून घेतलं नाही आणि या म्हणालीसुद्धा नाही. आत्याबाई उंबऱ्याबाहेर बसल्या. रुख्मिणी आपणहून येऊन समोर बसली. आत्याबाईंनी तिचा कोपर तेलात चोळला, हलके हलके मोकळा करायला लागल्या. दुखलं की रुख्मिणी "आगं आगं" करायची आणि मग लाजून हसायची. त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी जायला लागलो. तानुबाई त्या वेळी पाठ करून भाकरी थापायची. कधी पाणी विचारलं नाही, आत्याबाईंनी कधी मागितलं नाही. हाताला थोडा फरक पडला. पण थोडाच. अशी कोपरं उशिरा मोकळी होत नाहीत हे आत्याबाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं, असं मला वाटतं.

पुढं रोहणाला बोंडं आली, पंडितनं बी नेलं, परभणीला रोपं झाली, त्यातली काही आमच्या डोंगरावर परत आली. ते ऐकायला माणसं येतात, मी सांगतेही. पण माझ्या मनात राहिला आहे तो त्या वर्षीचा वैशाख.

आत्याबाई रोज उजाडताना माझा खांदा धरून डोंगर चढायच्या. पट्टीला हात लावायच्या नाहीत, लांबूनच बघायच्या. झाडानं पानं टाकली होती, सगळं खराट्यासारखं झालं होतं. एके सकाळी वरच्या फांद्यांना तांबूस पालवी फुटलेली दिसली. लहान मुलाच्या नखांसारखी, उन्हात चमकणारी. दोन बाजूंच्या फांद्या कोरड्याच होत्या, पण बाकीचं झाड जिवंत होतं. मी आनंदानं आत्याबाईंचा हात दाबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पालवीकडं पाहिलं आणि कुणाची तरी वस्तू चोरून घेतल्यासारखी मान खाली घातली.

संध्याकाळी तेल चोळताना रुख्मिणीनं विचारलं, "आजे, ते झाड कसं हाय? पानं आली का त्याला?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. तानुबाईनं वळून पाहिलं नव्हतं, पण हात थांबला होता.

मी तोंड उघडणार तोच आत्याबाईंचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला.

"मी बघितलं न्हाई बाई अजून," त्या म्हणाल्या. "तू हात सैल सोड. सोड सैल."